लांकडी शिडाच्या गलबताची प्रतिकृति

सह्याद्रीच्या या बाजूस वाढलेल्या मुलांना समुद्र म्हणजे नकाशांतील निळा रंग वाटतो. मुळशी तालुक्यांतील मुलांनीं तरी तसें समजूं नये. मुळा आणि निळा या नद्यांचें पाणी आपल्या मूळ वाटेनें गेलें असतें, तर भीमेंतून कृष्णेस मिळून तें पूर्वेच्या समुद्रास पोंचलें असतें. परंतु १९२७ सालापासून मुळशीच्या धरणांत अडविलेलें पाणी डोंगराचा कडा उतरून भिरा येथील वीजघरांत जातें, तेथून कुंडलिकेंत पडतें, आणि रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंड्यापाशीं, म्हणजे जुन्या चौल बंदराच्या दारांत, अरबी समुद्रास मिळतें. या धरणाखालीं किती घरेंदारें गेलीं आणि १९२१ पासून १९२४ पर्यंत सेनापति बापट व त्यांचे सोबती येथें कां झगडले, हा इतिहास निराळा आहे आणि तो या खोर्‍यांत कोणास सांगावयास नको. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे, कीं ताम्हिणीवर पडलेला पाऊस आज आंग्र्यांच्या किनार्‍यास जाऊन लागतो. रेवदंड्याच्या उत्तरेस पांच कोसांच्या आंतबाहेर अलिबागेस कुलाब्याचा किल्ला आहे. त्याच्या आश्रयानें कान्होजी आंग्र्यांचें आरमार उभें राहत असे.

त्या आरमारांतील एकहि गलबत आज शिल्लक नाहीं. तीं कशीं होतीं हें समजून घेण्याचा एक उपाय म्हणजे त्यांची लहान प्रतिकृति आपल्या हातांनीं लांकडांत घडवून पाहणें. हा छंद कोणता, त्यास साधनें काय लागतात, त्यांत शिकण्यासारखें काय आहे, आणि त्यांत फसण्यासारखें काय आहे, याचा विचार या लेखांत करूं.

लहान गलबतें करण्याची हौस नवी नव्हे. मिसर देशांतील चार हजार वर्षांपूर्वींच्या थडग्यांत वल्हेकर्‍यांसहित लांकडी होड्या सांपडल्या आहेत. सतराव्या शतकांत इंग्लंडच्या आरमारखात्यासाठीं मोठ्या जहाजांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृति करीत असत, व सॅम्युएल पेपीस या प्रसिद्ध अंमलदारास त्या जमविण्याचा नाद होता. डेन्मार्क देशांतील कित्येक ख्रिस्तमंदिरांत छतापासून टांगलेलीं लहान जहाजें अद्यापि पाहावयास मिळतात. समुद्रावर पोट भरणार्‍या लोकांनीं तीं देवास अर्पण केलेलीं असतात. अमेरिकेच्या ईशान्य किनार्‍यावरील जहाजबांधे तर आधीं हातभर लांबीचें अर्धें गलबत कोरीत, तें मनासारखें झालें म्हणजे त्यावरून मापें घेत, आणि मग खरें जहाज बांधावयास लागत. म्हणजे तेथें प्रतिकृति आधीं आणि जहाज मागाहून!

हल्लीं इटली, स्पेन वगैरे देशांतून तयार तुकड्यांच्या पेट्या मिळतात. तुकड्यांवर क्रमांक असतात, आणि क्रमांकाप्रमाणें चिकटवीत गेलें म्हणजे नेल्सनचें जहाज उभें राहतें. अशा पेटीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तिनें हात साफ होतो. परंतु तिच्यांत विचार करण्याचें काम दुसर्‍यानें आधींच करून टाकलेलें असतें. विद्यार्थ्याच्या वांट्यास राहतो तो फक्त सरस. शिवाय ज्या किनार्‍याचे आपण शेजारी, त्या किनार्‍याचें गलबत अशा पेटींतून सहसा निघत नाहीं. तेव्हां आपलें आपणच करावयाचें असा निश्चय करून पुढें जाऊं.

आतां प्रश्न असा, कीं करावयाचें कोणतें? प्रत्येक मुलाचें पहिलें उत्तर ठरलेलें असतें : "आंग्र्यांची गुराब!" उत्तर मोठें गोड आहे, पण त्यांत एक अडचण आहे.

शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं कल्याण व भिवंडी घेतली, त्यानंतर त्यांच्या आरमाराचा आरंभ झाला. सभासदाच्या बखरींत या आरमारांतील गुराबा, तरांडीं, तारवें, गलबतें, शिबाडें अशीं नांवें येतात. नांवें आहेत, मापें नाहींत. गुराबेचें सविस्तर वर्णन आपणांस मिळतें तें अठराव्या शतकांतील रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराकडून. त्याच्या सांगण्याचा सारांश असा : गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित् तीन. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशें टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशें टनांच्या सुमाराची. लांबीच्या मानानें ती फार रुंद असे, आणि थोड्या पाण्यांत चालावी म्हणून तिचा तळ उथळ ठेवीत. पुढच्या बाजूस ती निमुळती होत जाऊन तिची नाळ चोंचीसारखी लांब बाहेर आलेली असे. समोरून लाटा आल्या म्हणजे अशी गुराब फार आदळे; म्हणून त्या चोंचीवरील तक्तपोशीस बाजूचे कठडे न ठेवतां ती उघडीच ठेवीत, कीं चढलेलें पाणी दोहों अंगांनीं वाहून जावें. चोंचीच्या मागें लांकडी भिंत, त्या भिंतींत दोन भोंकें, आणि त्यांतून पुढें रोखलेल्या नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा. गलबत हें याच घडणीचें पण लहान, फार तर सत्तर टनांचें. त्यास पुढें एक भलें मोठें त्रिकोणी शीड असे, आणि त्याचें टोंक डोलकाठीच्याहि वर जाई. मागची डोलकाठी नांवाला. चाळीस-पन्नास वल्हीं लावलीं म्हणजे तें वार्‍यावांचून ताशीं चार मैल चाले. वजन कमी व्हावें म्हणून कित्येक गलबतांची तक्तपोशी चिरलेल्या बांबूंची असे. वारा पडला म्हणजे हींच गलबतें जड गुराबांस दोरखंड लावून ओढीत शत्रूवर नेत.

वर्णन किती उत्तम आहे पाहा! उघड्या नाळेचें कारण वाचल्याबरोबर त्या गुराबेवर आदळणारें पाणी डोळ्यांपुढें उभें राहतें. तथापि पटाशी हातांत घेऊन बसलेल्या मुलास या वर्णनांत जें हवें तेंच नाहीं. लांबी किती फूट? रुंदी लांबीच्या तिसर्‍या हिश्श्याइतकी कीं चौथ्या? पोट कोठें सर्वांत फुगीर? नाळ किती अंशांनीं झुकलेली? याचें उत्तर ऑर्म देत नाहीं, बखरकार देत नाहीं, आणि ज्या सुतारांना तें ठाऊक होतें त्यांनीं तें कागदावर उतरलें नाहीं. त्यांचें माप डोळ्यांत असे, दोरींत असे, आणि बापाकडून मुलाच्या हातांत जात असे. एखादी जुनी गुराब तरी राहिली असती, तर तीवरून मापें घेतां आलीं असतीं. परंतु १७५६ सालच्या फेब्रुवारींत इंग्रजांनीं पेशव्यांच्या संमतीनें विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हां एका जहाजास लागलेली आग पसरत जाऊन बंदरांत एकत्र बांधून ठेवलेलें तुळाजी आंग्र्याचें बहुतेक आरमार भस्म झालें. मराठ्यांच्या राज्यकर्त्यांनीं आपल्याच आरमारावर इंग्रजांस घातलें, ही गोष्ट इतिहासाच्या वर्गांत शिकवितांना आम्हांस अद्यापि जड जाते.

याच्या उलट एक उदाहरण मुंबईचें घ्या. लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी कारागीर १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आला, व त्याच्या घराण्यानें पुढें मुंबईच्या गोदींत इंग्रजी आरमारासाठीं सागवानाचीं जहाजें बांधलीं. त्यांपैकीं 'त्रिंकोमाली' नांवाचें जहाज जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं बांधून १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत सोडण्यांत आलें. तें मलबारी सागाचें जहाज आज दोनशें वर्षांनंतरहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. त्याचे नकाशे इंग्लंडहून निघाले ते 'जावा' नांवाच्या जहाजावरून. तें जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांशीं झालेल्या लढाईंत नष्ट झालें, आणि नकाशेहि त्याबरोबर गेले. म्हणून काय त्रिंकोमाली बांधावयाचें राहिलें? नाहीं. मूळ नकाशे इंग्लंडांत होते; त्यांची दुसरी नक्कल पाठविली. कागद बुडाला तरी नक्कल होती. आमची गुराब जळाली तेव्हां तिची नक्कल कोठेंच नव्हती.

यासाठीं ज्यास गुराबच करावयाची असेल त्यानें ती अवश्य करावी, मात्र तिच्या खालच्या पाटीवर 'अनुमानानें' हा शब्द घालण्यास लाजूं नये. मोठमोठे लोकहि लाजत नाहींत. अजिंठ्याच्या लेण्यांतील पांचव्या शतकाच्या चित्रावरून भारतीय नौदलानें फळ्या काथ्याच्या दोरीनें शिवलेलें एक जहाज गोव्यांत बांधविलें, आणि २०२५ च्या मे महिन्यांत कारवार येथें 'कौंडिण्य' या नांवानें तें आरमारांत घेतलें. चित्र सपाट; त्यांत जहाजाची खोली किंवा रुंदी कोठून दिसणार? म्हणून मद्रासच्या आय. आय. टी. मधील सागर-अभियांत्रिकीच्या विद्वानांच्या साह्यानें आधीं लहान प्रतिकृति करून तिची पाण्यांत परीक्षा घ्यावी लागली, आणि मग मोठें काम झालें. विचार करून बांधलेलें अनुमान आणि नुसती कल्पना यांत भेद आहे, तो हाच.

पहिल्या प्रयत्नास मात्र आमची शिफारस फत्तेमारीची. मुंबई ते मलबार या किनार्‍यावर कौलें, मीठ, नारळ, लांकूड यांची ने-आण करणारें हें दोन डोलकाठ्यांचें व्यापारी गलबत विसाव्या शतकापर्यंत चालू होतें; पुढें इंजिनें आलीं आणि शिडें उतरलीं. सुदैवानें फत्तेमारीचीं मापें कागदावर आहेत. सिंहलद्वीपांत त्रिंकोमालीच्या इंग्रजी गोदींत मुख्य जहाजबांध्या असलेल्या जॉन एडी यानें १८३४ सालीं या किनार्‍यावरील नौकांविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत मोठ्या फत्तेमारीची लांबी ७६ फूट ६ इंच, रुंदी २१ फूट ६ इंच, खोली ११ फूट ९ इंच आणि भार सुमारें २०० टन दिला आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं फ्रान्सच्या आरमारांतील पारिस नांवाच्या अधिकार्‍यानें युरोपाबाहेरील लोकांच्या नौकांचा एक प्रचंड चित्रग्रंथ काढला, त्यांतहि फत्तेमारी रेखाटलेली आहे. हा गृहस्थ मोठा विलक्षण. एका यंत्राच्या चाकांत सांपडून त्याचा एक हात गेला. तरी १८७१ पासून मरेपर्यंत तो पॅरिसच्या नौका-संग्रहालयाचा प्रमुख होता, आणि आपल्या रेखाटनांवरून त्यानें तेथें नाना देशांच्या गलबतांच्या प्रतिकृति करवून घेतल्या. कोंकणच्या सुताराची विद्या एका फ्रेंच मनुष्याच्या वहींत टिकली, याचा आनंद मानावा कीं खेद, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां गणित. एका फुटास पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसांत एक, हें प्रमाण विद्यार्थ्यास सोयीचें. त्या प्रमाणानें ७६॥ फुटांची लांबी सव्वाएकोणीस इंचांस किंचित् कमी भरते; रुंदी पांच इंच व तीन अष्टमांश; खोली तीन इंच. खर्‍या गलबताची फळी दोन इंच जाड असेल, तर आपली फळी एका इंचाचा चोविसावा हिस्सा, म्हणजे सुमारें एक मिलिमीटर झाली. येथेंच एक गोष्ट ध्यानांत येईल : लांबी-रुंदी कमी करतां येते, पण लांकडाचा पोत कमी करतां येत नाहीं. सागाच्या अंगावरील मोठाल्या रेषा व छिद्रें प्रतिकृतींत दोरखंडाएवढीं दिसतात. सागानें खरीं जहाजें घडलीं हें खरें. तरी लहान कामास साग आम्ही सुचवीत नाहीं. त्यानें हत्याराची धारहि लवकर जाते.

मग लांकूड कोणतें? शिवण सर्वांत उत्तम. रंगानें फिकट, वजनानें हलकी, कोरण्यास मऊ, आणि एकदां वाळली म्हणजे वांकत नाहीं. पांगारा तिच्याहून हलका. सावंतवाडीचीं प्रसिद्ध खेळणीं त्याचीच. नवशिक्यास तो बरा, पण त्यास नखाचाहि व्रण पडतो आणि कीड लवकर लागते. सावर त्याहून खालची. डोलकाठ्यांस सरळ धाग्याचें लांकूड चिरून घ्यावें, परभाणास बांबूची कामटी. आणि बांबू तर मुळशीकरांस विकत घ्यावयास नको. एक गोष्ट मात्र निक्षून सांगतों. छंदासाठीं उभें झाड तोडूं नये. सुताराच्या दुकानांतील शेवटचे तुकडे, मोडक्या पेट्या, जुन्या घराच्या फळ्या एवढ्यांत एका वर्गाचें आरमार तयार होतें. रामचंद्रपंत अमात्यांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं आपल्या आज्ञापत्रांत खर्‍या आरमारासाठींसुद्धां हाच विवेक सांगितला आहे : सागवान वगैरे रानचें लांकूड परवानगीनें न्यावें, पण रयतेचे आंबे-फणस यांस हात लावूं नये, कारण तीं झाडें एका-दोन वर्षांत होत नाहींत व लोकांनीं तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. त्याच प्रकरणांत वार्‍यावांचून निरुपयोगी होणार्‍या थोर जहाजांपेक्षां मध्यम गुराबा व गलबतें सजवावींत असाहि उपदेश आहे. डोंगरी मुलखांतील या मुत्सद्द्यास समुद्राची किती बारीक जाण होती!

हत्यारांची यादी लांब नाहीं. बारीक दांत्यांची करवत, दोन पटाश्या, लहान रंधा, कानस, गिरमिट, काचकागद आणि चिमटे. पटाशी धारेची नसेल तर काम करूंच नये. बोथट पटाशीच हातांत शिरते, धारेची लांकडांत.

गलबताचें धड दोन रीतींनीं होतें. खरी रीत म्हणजे तळाशीं पठाण, त्यावर वांकांचे उभे सांगाडे, आणि सांगाड्यांवर फळ्या. ती दुसर्‍या वर्षाची विद्या. पहिल्या वर्षीं थरांची रीत घ्यावी. नकाशांत गलबत तीन प्रकारें काढलेलें असतें : बाजूनें, वरून आणि समोरून. वरून काढलेल्या आकृतींत निरनिराळ्या उंचीवर पाण्याची रेघ कोठें येईल हें दाखविलेलें असतें. आपली खोली तीन इंच. म्हणून अर्ध्या इंचाच्या सहा फळ्या घ्याव्यात, म्हणजे एकेक फळी खर्‍या गलबताच्या दोन दोन फुटांची झाली. प्रत्येक फळीवर तिच्या उंचीची रेघ उतरून ती कापावी. वरच्या फळ्या आंतून पोकळ कराव्यात, नाहींतर गलबत ओंडक्यासारखें जड होतें. मग सरस लावून सहाहि फळ्या एकावर एक चढवून रात्रभर दाबून ठेवाव्यात. सकाळीं जें निघतें तें पायर्‍यांच्या घाटासारखें दिसतें, आणि मुलें निराश होतात. निराश होऊं नये. त्या पायर्‍यांचे बाहेरचे कोपरे पटाशीनें उडवीत जावें. आंतले कोपरे मात्र अखेरपर्यंत राखावेत. शेवटची पायरी नाहींशी होते त्या क्षणीं गलबताचा खरा आकार हातांत येतो. मधून मधून पुठ्ठ्याचे साचे लावून पाहावें, डोळ्यावर विश्वास ठेवूं नये. दोन्ही बाजू सारख्या आहेत असें डोळा नेहमींच सांगतो.

ज्यास यापुढें जावयाचें असेल त्यानें या धडावर एक मिलिमीटरच्या पट्ट्या वाफेनें नरम करून चिकटवाव्यात. जुन्या मुंबई-सुरतेचे कारागीर फळीच्या कडेस खांच पाडून दुसरी फळी तींत बसवीत, आणि सांध्यांत राळेंत भिजविलेला कापूस घालीत. त्या सांध्यांतून पाणी शिरत नसे. आपल्या एक मिलिमीटरच्या पट्टींत खांच पाडण्याचा हट्ट धरूं नये.

मुळशीच्या मुलांना आणखी एक सूचना द्यावी लागते, ती पुण्याच्या मुलांना लागत नाहीं. आषाढ-श्रावणांत येथील हवेंतच पाणी असतें. त्या दिवसांत लांकूड फुगतें, सरस सुकत नाहीं, उलट त्यास बुरशी येते. पावसाळ्यांत बसविलेली फळी चैत्रांत आकसते आणि सांधे उघडे पडतात. म्हणून पावसाळ्यांत नकाशे काढावेत, मापें मोजावींत, साचे कापावेत. लांकडाचें काम मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत उरकावें. दोरांचा स्वभाव लांकडाच्या उलट. सुती धागा ओलाव्यानें आखडतो, आणि उन्हाळ्यांत ताणून बांधलेला दोर पावसांत डोलकाठी वांकवितो. धागा मेणानें माखावा आणि किंचित् सैल ठेवावा.

शिडांविषयीं थोडक्यांत. फत्तेमारीच्या दोन्ही डोलकाठ्या पुढच्या बाजूस झुकलेल्या असतात. त्या सरळ उभ्या केल्या कीं गलबताचा तोराच जातो. परभाण तिरपें टांगलेलें, डोलकाठीहून लांब. शिडास जुनी मलमल पुरे. येथें विलायती चित्रें पाहून वाढलेलीं मुलें हटकून एक गोष्ट करतात : डोलकाठीच्या दोन्ही अंगांस दोरांच्या शिड्या ताणून बसवितात. विलायती जहाजावर त्या शोभतात. आपल्या गलबतावर वारा एका बाजूचा दुसर्‍या बाजूस घ्यावयाचा म्हणजे तें अवजड परभाण डोलकाठीच्या पुढून फिरवून पलीकडे न्यावें लागतें; दोन्हीकडे पक्के दोर असतील तर तें फिरणार कसें? म्हणून आपले खलाशी ताणाचे दोर सुटे ठेवीत आणि ज्या बाजूनें वारा असेल त्या बाजूस नेऊन आंवळीत. तेव्हां शिड्या लावलेली फत्तेमारी कितीहि सुबक दिसली तरी ती समुद्रावर एक वळणहि घेऊं शकणार नाहीं.

प्रतिकृति कपाटांत ठेवावयाची असेल तर येथें काम संपलें. परंतु मुलांना ती पाण्यांत सोडल्यावांचून चैन पडत नाहीं, आणि तसें असणें योग्यच आहे. येथें पदार्थविज्ञानाचा एक सुंदर धडा आहे. हुबेहूब प्रमाणांत केलेलें गलबत वार्‍याच्या पहिल्या झुळकीबरोबर उलथतें. मुलें म्हणतात, मापांत चूक झाली. चूक मापांत नाहीं. मापें बरोबर आहेत म्हणूनच तें उलथलें. कसें तें पाहा. लांबी अठ्ठेचाळिसावा हिस्सा झाली म्हणजे शिडाचें क्षेत्रफळ अठ्ठेचाळिसाच्या वर्गानें कमी होतें, पण वजन घनानें कमी होतें. अठ्ठेचाळिसाचा घन १,१०,५९२. उदाहरणापुरतें भरलेल्या फत्तेमारीचें एकंदर वजन २०० टन धरलें, तर प्रतिकृतीचें वजन फक्त चार पौंड यावयास पाहिजे. गलबतास आडवें करणारा जोर म्हणजे शिडावरील दाब गुणिले उंची. तो घनानें कमी झाला. त्यास सरळ ठेवणारा जोर म्हणजे वजन गुणिले अंतर. तो चौथ्या घातानें कमी झाला. तात्पर्य, त्याच वार्‍यांत प्रतिकृति मूळ गलबतापेक्षां अठ्ठेचाळीस पट दुबळी ठरते.

हेंच निराळ्या रीतीनें सांगतां येतें. विल्यम फ्रूड या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७२ च्या सुमारास टॉर्की येथें लांब हौद बांधून लहान प्रतिकृति ओढून पाहिल्या, आणि मोठ्या व लहान नौकांच्या गतींची तुलना लांबीच्या वर्गमुळानें करावी हा नियम प्रयोगानें पक्का केला. अठ्ठेचाळिसाचें वर्गमूळ सातास किंचित् कमी. म्हणून ताशीं सात मैलांची फत्तेमारी म्हणजे आपलें ताशीं एक मैलाचें गलबत. आणि ताशीं पंधरा मैलांचा साधा वारा आपल्या गलबतास शंभर मैलांच्या तुफानासारखा लागतो. त्या तुफानांत कोणता शहाणा तांडेल सगळीं शिडें उघडील? उपाय दोन. पठाणाखालीं शिशाची पट्टी बसवावी, व वजन खोलवर जावें म्हणून ती दोन इंच खालीं पट्टीच्या पायावर टांगावी. नाहींतर शिडें अर्धीं करावींत. कपाटांत ठेवतांना शिसें काढून घेतां येईल अशी योजना ठेवावी. परीक्षा गांवच्या उथळ तळ्यांत घ्यावी, आणि गलबतास लांब दोरा बांधावा. धरणाच्या पाण्यांत त्याच्या पाठीमागें कोणीहि उतरूं नये. तें पाणी कांठापासून एकदम खोल होतें, आणि चार पौंडांचें लांकूड पुन्हां करतां येतें.

ज्यांचें एक गलबत झालें आहे अशा मुलांसाठीं नाताळच्या सुटींतील एक काम सुचवितों. कोंकणच्या खाड्यांतून जुनीं लांकडी गलबतें अजून क्वचित् कांठास लागलेलीं दिसतात. कांहीं चालू, कांहीं कुजत पडलेलीं. त्यांचा नकाशा बहुधा कोणापाशींच नाहीं. चार मुलांनीं मिळून एक गलबत मोजावें. मालकाची परवानगी आधीं घ्यावी. गलबताच्या लांबीस समांतर अशी, बाजूस थोडी दूर, एक दोरी जमिनीवर ताणावी, आणि तीवर चार चार फुटांवर खुणा कराव्यात. म्हणजे नकाशांत त्या बरोबर एकेक इंचावर येतील. प्रत्येक खुणेवर ओळंबा लावून काठी सरळ उभी करावी. काठीवर फुटाफुटावर रेघा असाव्यात; प्रत्येक रेघेपासून गलबताच्या अंगापर्यंतचें आडवें अंतर एकानें मोजावें, दुसर्‍यानें मोठ्यानें म्हणावें, तिसर्‍यानें लिहावें. चौथ्यानें तांडेलास किंवा सुतारास प्रत्येक भागाचें नांव विचारून तें त्याच्याच उच्चाराप्रमाणें उतरून घ्यावें. शुद्ध करूं नये. एकाच वस्तूस दोन बंदरांत दोन नांवें मिळालीं तर दोन्ही लिहावींत. वहीच्या पहिल्या पानावर गांव, तारीख, गलबताचें नांव आणि मोजणार्‍यांचीं नांवें असावींत. पाणी गलबताखालून सरकतांच काम सुरू करावें, कारण भरतीस व ओहोटीस मधें सुमारें सहाच तास असतात, आणि एका बाजूचीं मापें पुरीं करण्यास तेवढा वेळ चौघांना लागतोच.